साहेब समुद्रावर हायत

कोडोलीचा ज्ञानू साळोखे कोल्हापुरात बोर्डिंगात राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकला. बाप वारल्यावर शाळा सुटली. मग तो कोल्हापुरातच टपाल कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांची पत्रं वाचून द्यायचा. त्याच्या इंग्रजीचा बोलबाला होता. अडलेला शब्द कुणाला विचारणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

जर्मनीची लढाई चालू असताना हुसेनबी एक पत्र घेऊन आली. तिचा मुलगा करीम खोगिरं शिवणारा. एका गोऱ्या साहेबाबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेलेला, सहा महिने त्याचा कागद नव्हता. साहेबानं लिहिलं होतं, करीमबद्दल ‘आय ॲम ऑल ॲट सी’.

ज्ञानूनं शब्द जुळवले. "चाची, साहेब समुद्रावर हायत. करीमला घिऊनच निघालं असतील."

दुसरं वाक्य त्यानं पदरचं घातलं होतं. हुसेनबीनं घर सारवलं आणि ती रोज स्टेशनावर जाऊ लागली. महिन्याभरानं ज्ञानूनं तिला तिथं पाहिलं. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती बसऱ्याची गाडी कधी येते ते विचारत होती. तसाच तो त्या वाक्याचा अर्थ विचारायला आपल्या जुन्या मास्तरांकडं गेला.

मास्तर म्हणाले, यात समुद्र कुठला आला? साहेबाला काहीच उमगत नाही, एवढाच अर्थ.

हे तिला सांगायला ज्ञानूची जीभ रेटेना. स्टेशनाचा रस्ता टाळून तो हिंडायचा. साहेबाला त्यानं स्वतः पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले, आणि तेवढे दिवस त्यानं तिला स्टेशनावर जाऊ दिलं. उत्तरात होतं, छावणीत पटकीची साथ आली, माणसं पांगली. आता करीमचा शोध म्हणजे ‘वाइल्ड गूज चेस’. रानातल्या हंसाचा पाठलाग, एवढं त्याला कळलं. या खेपेला तो आधी मास्तरांकडं गेला. धावून हाती काही लागायचं नाही, असं ते म्हणाले.

त्याच दुपारी त्यानं हुसेनबीला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे त्या दिशी तुला म्हाईतच नव्हतं?"

"न्हाय, चाची."

"मग न्हाय म्हणायचं हुतंस की."

करीम परत आला नाही. हुसेनबीनं त्यानंतर ज्ञानूकडून एकही कागद वाचून घेतला नाही. समोरून आला तर ती पदर पुढं ओढून निघून जायची, आणि तो उन्हात तसाच उभा राहायचा.