बिस्किटांच्या डब्यातलं ऊन

नायगावच्या आमच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन सासूबाईंच्या मालकीचं. गास गावातलं शेतावरचं घर सोडून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हापासून तिथे त्यांची खुर्ची, त्यांचा चहा आणि उन्हाने किलकिले झालेले डोळे. समोर टॉवरचा पाया खोदला जायला लागला, तेव्हा ठरवलं, हे ऊन ठेवून द्यायचं.

सामान थोडंच लागलं. भंगारात काढलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, काळा रंग, फोटोचा कागद, चिकटपट्टी. डब्याला सुईने भोक पाडलं, आत भोकासमोर कागद वाकवून बसवला, झाकण बंद केलं, झाला कॅमेरा. संक्रांतीनंतर डबा ग्रिलला बांधला. रोजचा सूर्य कागदावर आपली एक रेघ ओढून जाणार. पावसाच्या आत काढायचा. "ग्रिलवरच्या कॅमेऱ्याला हात लावू नका," असं घरात सगळ्यांना बजावलं.

होळीच्या सुमारास एका शनिवारी मी लवकर घरी आले, तर डबा ओट्यावर, झाकण उघडं.

"आई, हे काय केलंत!"

"रवा भरायला घेतला. चांगला डबा, उगाच कावळे बसतात."

"अहो, तोच कॅमेरा. तुमचं ऊन होतं त्यात."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. "मग ऊन भरतेय असं सांगायचं ना! कॅमेरा म्हनालीस. मी आपली ग्रिलवर कॅमेरा शोधत होते."

उजेड लागून कागद एका बाजूने धुरकटला होता. नवा लावणं सोपं होतं, पण गेलेल्या सकाळी कुठून आणणार? तोच ठेवून झाकण लावलं. या वेळी डबा सासूबाईंनी बांधला, जुन्या साडीच्या काठाने, गाठीवर गाठ मारून.

मेमध्ये टॉवर आमच्या मजल्याच्या वर गेला आणि खुर्चीवर सावली आली. डबा उतरवला, कागद स्कॅन करून मोठी प्रिंट काढली. निळसर धुक्यात सूर्याच्या रेघा, रेशमाची लड उलगडावी तशा. डबा पुन्हा बांधताना जरा फिरला असणार, कारण समोरच्या एका डोंगराचे दोन झाले होते, एकामागे एक, पाण्यावर तरंगल्यासारखे. टॉवर मात्र नुसती वाफ. तो उभा राहिला शेवटी शेवटी. कागदाने त्याची फारशी दखलच घेतली नव्हती.

मी प्रिंट त्यांच्या खोलीत लावायला निघाले.

"तिथे कशाला? इथं लाव, खुर्चीसमोर."

बाल्कनीच्या भिंतीवर लावली. सासूबाई सावलीत चहा घेऊन बसल्या, चित्राकडे बघत. थोड्या वेळाने मी कप न्यायला गेले, तर त्यांनी डोळे किलकिले केले होते.