समाजाच्या रकान्यामागची माणसं

डॉ. वसुधाताईंना मी प्रथम पाहिलं ते ठाण्यात, खोपटजवळच्या एका शाळेत. ‘हा आमचा गर्दुल्ला,’ असं म्हणत शिक्षकांनी एका विद्यार्थ्याला पुढे केलं. ताईंनी आधी त्याचं नाव विचारलं आणि मग शिक्षकांना शांतपणे म्हणाल्या, “सर, हा राकेश. नशा करतो, ते आपण नंतर बघू.” त्याच आठवड्यात मी त्यांच्या हाताखाली काम करू लागलो.

किशोरवयीन मुलांच्या व्यसनांचा अभ्यास हे ताईंचं आयुष्यभराचं काम. पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या कामाचं कौतुक अनेकजण करतील. “तू लिहिणार असशील तर डोंबिवलीचं प्रकरण गाळू नकोस,” असं त्यांनी मला बजावलं, म्हणून ते लिहितो.

ठाणे-डोंबिवलीतल्या मुलांच्या व्यसनांची एक सरकारी पाहणी आम्ही केली होती. तीत मुलांचा समाज नोंदवायचा आग्रह ताईंचाच होता. उपेक्षित वस्त्यांची गरज दिसली तर तिथे उपचार केंद्र होईल, असा त्यांचा विश्वास होता. अहवाल आला आणि डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या कारखान्यांमागची भटक्या समाजाची एक वस्ती ‘व्यसनी मुलांची वस्ती’ म्हणून बातम्यांत झळकली. केंद्र झालं नाही. पोलिसांच्या फेऱ्या मात्र सुरू झाल्या. त्या वस्तीतल्या, नववीत शिकणाऱ्या रेश्माने शाळा सोडली, हे कळताच ताई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

तिची आई दारातच म्हणाली, “माझ्या पोरीनं सुपारीपण खाल्ली नाय कधी. तुमच्या कागदात आमची जात आली, आता तिच्या बाजूला कोण बसत नाय.”

“चूक माझी आहे,” ताई म्हणाल्या. रेश्मा आतून बाहेर आलीच नाही.

पाहणीच्या पुढच्या बैठकीत ताईंनी अहवाल मागे घ्यायची मागणी केली. “मॅडम, आकडे खोटे आहेत का?” एका अधिकाऱ्याने विचारलं.

“आकडे खरे आहेत, पण आम्ही जिथे जाऊ शकलो तिथलेच आहेत. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांनी आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं. या लोकांनी घरात बोलावून चहा दिला, मुलांशी बोलू दिलं. ज्यांनी दार उघडलं, त्यांच्याच माथी आम्ही शिक्का मारला.”

अहवाल मागे घेतला गेला नाही. ताईंनी त्यावरून आपलं नाव काढून घेतलं. पुढची मोठी कामं त्यांच्याकडे आली नाहीत. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. रेश्माला शाळेत परत न्यायला मात्र त्या वर्षभर खेटे घालत राहिल्या. एकदा ती दाराशी येऊन म्हणाली, “ताई, नका येऊ. तुम्ही आलात की परत चर्चा होते.” त्यानंतर त्या गेल्या नाहीत. आज रेश्मा एका कारखान्यात पॅकिंगला जाते.

आम्हा विद्यार्थ्यांना ताईंनी शिस्त दिली, अडीअडचणीला आपलं घर दिलं, आणि स्वतःची चूक उघडपणे सांगायचं धाडसही दिलं. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मनावरचं हे ओझं उतरो, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या ते उतरू देणार नाहीत. ते वाहण्याचं बळ त्यांच्या अंगात राहो, एवढंच मागतो.