दोन पानांनी सरकलेली सूची

सुमन गेल्याचं सांगायला तिचा भाऊ बाळू सुप्याहून मोटारसायकलवर आला, तेव्हा मी अंगणात गहू निवडत बसले होते. गाडी चालू ठेवूनच तो म्हणाला, "कुसुमताई, आक्का गेली. सकाळी." मग गाडी बंद केली आणि पायरीवर बसून राहिला. कावीळ तिच्या अंगात किती दिवस मुरली होती कुणास ठाऊक. पुण्याला नेलं तेव्हाच डॉक्टर फारसं बोलले नव्हते... मी बाळूला पाणी दिलं. मग उरलेले गहू निवडत राहिले.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत आम्ही दोघी बरोबर होतो. तिथं दूध थंड करणारी यंत्रं बनत. मी ड्रॉइंग काढायची, सुमन यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. तिचे आबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, आणि लेक संगणकापुढे बसते याचं त्यांना भारी अप्रूप. तिचं काम बघणाऱ्याला गंमत वाटे. मजकुरातच ती खुणा टाइप करायची: हा मथळा, हा इशारा, हा शब्द शेवटच्या सूचीत घे. छापील पानावर त्या खुणा दिसत नसत. लिहून झालं की प्रोग्राम चालवायचा. तो सगळ्या खुणा गोळा करी, प्रत्येक शब्दापुढे पानाचा आकडा लावी, आणि सूची तयार. मराठी शब्द अकारविल्हे लावणं मात्र त्याला जमत नसे. ते सुमन हातानं करी आणि करताना संगणकाला यथेच्छ शिव्या घाली. ही हातानं लावलेली सूची ती वेगळी ठेवायची.

सूचीवर तिचा फार जीव. आमच्या यंत्रांत अमोनिया असे. नळीतून सुटला तर डोळे जाळतो, कोंडलेल्या खोलीत छातीत भरला तर माणूस उरत नाही. त्यामुळे सूचीत 'गळती' एवढं लिहून तिचं भागत नसे. ती 'वास' लिही, 'डोळे' लिही, 'श्वास कोंडणे' लिही. साहेब वैतागायचे, "बाई, हे मशिनचं पुस्तक आहे की घरगुती औषधांचं?" ही शांतपणे म्हणायची, "साहेब, घाबरलेला माणूस पुस्तक वाचत न्हाय. तोंडाला येईल तो शब्द हुडकतो." आणि सूची तपासायची तिची तऱ्हा तर विचारूच नका. एखाद्या फिटरला पुस्तक देऊन 'वास' शोधायला सांगायची आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून कॅन्टीनमधलं स्टीलचं ताट बडवायची! आम्ही हसून लोटपोट व्हायचो. ती हसत नसे.

बाळूच्या लग्नासाठी ती रजेवर गेली आणि इकडे एका नव्या पुस्तकात, अगदी सुरुवातीला, संचालकांच्या शुभेच्छा आणि त्यांचा फोटो घालायचं ठरलं. दोन पानं वाढली. ऑफिसातल्या कुणीतरी मजकुरावर प्रोग्राम पुन्हा चालवला, पानांना नवे आकडे पडले. सूची मात्र सुमननं वेगळी ठेवलेली, जुनी, तशीच मागे जोडली गेली. पुस्तकं छापून दूध संकलन केंद्रांवर रवानाही झाली. रजेवरून आल्यावर तिनं ऑफिसातली प्रत उघडली, सवयीनं 'वास' काढला आणि त्यापुढच्या आकड्याचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, यंत्र सुरू करताना अमोनियाचा व्हॉल्व्ह कसा उघडावा. तो बंद कसा करायचा हे दोन पानं पुढे... मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं ते पान मला दाखवलं आणि पुस्तक घेऊन तडक साहेबांकडे गेली.

"दोन पानांनी काय होतंय? पुढंमागं बघतील की!" साहेबांनी एवढ्यावर विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं लोणी देवकरच्या पुढच्या एका केंद्रावर गेलो. सुमननं कपाटातली प्रत मागून घेतली आणि मागची पानं टराटरा फाडली. तिथले फोरमन तात्या उठून उभेच राहिले. "अवो बाई, नवं कोरं पुस्तक फाडताय व्हय?"

"तात्या, सूची नसली तर तुमी सगळं पुस्तक चाळाल. चुकीची असली तर तिच्यावर भरोसा ठेवाल. आन् तेवढ्यात गॅस भरल खोलीत."

तात्यांनी फाटलेली पानं तिच्याकडून घेतली आणि स्वतःच चुलीत घातली.

साहेबांना कळलं, त्यांनी तिचा राजीनामा घेतला. ती सुप्याला शिकवण्या घेऊ लागली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक केंद्र गाठून जुनी सूची फाडू लागली, दुरुस्त पानं खळीनं चिकटवू लागली. मी कधी सोबत गेले, कधी चिडले. "कंपनीला नाही पडली, तुलाच का एवढी?" असं एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाली, "शब्द माझेच हायत ना त्यात."

एक प्रत मात्र मिळाली नाही. नरसिंहपूरच्या बाजूचं एक केंद्र बंद पडलं होतं आणि यंत्र जुन्या मशिनच्या व्यापाऱ्याकडे गेलं होतं. त्याला गाठलं तर म्हणाला, "बर्फाच्या कारखान्याला दिलं. कुठल्या ते ध्यानात न्हाय, सोलापूरच्या अंगाचं गिऱ्हाईक व्हतं. पुस्तक बी दिलं की. त्यानं मुद्दाम मागून घेतलं. म्हणला, कामावरच्या पोरांना कळंल."

त्या दिवसानंतर सुमननं रसवंतीवर सुखानं रस प्यायला नाही. ग्लास हातात यायच्या आधी विचारायची, "बर्फ कुठला?" कारखान्याचं नाव कळलं की पत्र टाकायची, जमलं तर स्वतः जायची. हॉस्पिटलमध्ये पिवळ्याजर्द डोळ्यांनी तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कुसुम, कुठं भडका उडाल्याचं, कुणी गुदमरल्याचं वाचलंस का गं पेपरात?" मी नाही म्हटलं. "मग अजून येळ हाय," म्हणाली.

परवा इंदापूरच्या स्टँडजवळ मीही विचारलं, बर्फ कुठला. रसवंतीवाला म्हणाला, "गाडी येती बाई, आमी घेतो. कारखाना कुणी बघितलाय?" समोर लाकडाच्या भुशात बर्फाची लादी ठेवलेली होती. अशीच लादी या क्षणी कुठंतरी तयार होत असेल, तिथल्या कपाटात ते पुस्तक असेल, आणि कुणीतरी भल्या माणसानं ते पोरांच्या हाताला येईल असं ठेवलं असेल... रस तसाच ठेवून मी उठले.

पेपरची ही पुरवणी पार सोलापूरपर्यंत जाते, म्हणून हे सगळं लिहिलं. तुमच्या ओळखीत कुणाचा बर्फाचा कारखाना असेल, तर त्याला आजच विचारा. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, उघडताच सूट घातलेल्या गृहस्थांचा हसरा फोटो. मागची सूची आधी फाडून टाका. सुमन कोण, मी कोण, ते मग विचारा.