बंद खाणीच्या दारात बाबा

बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावी आले ते २०२०च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ते अडकले. आई आधीच गेली होती, भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या गावी, चंद्रपूरच्या घराला कुलूप होतं. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस आता खिडकीशी बसून सायकली बघत होता. रात्रीही ते बरेचदा खुर्चीतच दिसायचे. "झोप येत नाही गं," म्हणायचे. मला वाटायचं, काळजीनं असेल.

मे महिन्यात नवरा म्हणाला, "खाली दक्षिणेत, लिम्बुर्गमध्ये कोळशाच्या जुन्या खाणी आहेत. बाबांना दाखवून आणू." तिथलं संग्रहालय बंदच होतं, पण बाहेरून बघायला कोणाची ना नव्हती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

तिथल्या हेर्लन शहरातली शेवटची खाण बंद पडून पंचेचाळीसेक वर्षं झालेली. उरला होता तो पार्किंग आणि ऑफिसांच्या मधोमध उभा एक विटांचा मनोरा, ज्यातून माणसांना खाणीत नेणारा लोखंडी पाळणा खाली सोडायचे. दाराला कुलूप. बाबा मान वर करून बघत होते.

"मधेच पाळणा थांबला ना, की सगळे असे वर दोराकडे बघायचे," ते म्हणाले.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा अंतर राखून थांबला. कुठून आलात, विचारलं त्यानं. मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं, वडील खाणीत होते, भारतात. त्याचा चेहरा उजळला. तोही पोरवयात याच भागातल्या खाणीत लागला होता, त्याचे वडीलही तिथेच.

"त्याला विचार, वडील कशानं गेले?" बाबा म्हणाले.

असं कसं विचारायचं? पण विचारलं.

"स्टोफलाँग," म्हातारा म्हणाला. धुळीनं भरलेली फुप्फुसं. "शेवटची वर्षं खुर्चीत बसूनच झोपायचे. आडवे झाले की जीव गुदमरायचा."

मी ते मराठीत सांगितलं.  बाबा म्हणाले, "सांग त्याला, माझंही तसंच आहे."

"काय तसंच?"

"तू सांग."

मी सांगितलं. माझ्या बापाला रात्री आडवं होता येत नाही, हे मला असं कळलं.  म्हातारा मला म्हणाला, "जपा त्यांना. हा नवा रोग थेट फुप्फुसांतच जातो."

"काय म्हणतो?"

"जपा म्हणाला."

गाडीत मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दमा. आमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांना दमाच आहे."

राहा म्हणून मी खूप विनवलं. पण जुलैत भारतात जाणारं खास विमान सुटलं आणि ते परत गेले. "इथे दिवसभर कोणाशी बोलू मी?" म्हणाले. 

पुढच्या एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. बाबांना कोरोना झाला होता. हॉस्पिटलात खाट नव्हती. व्हरांड्यात खुर्चीवर बसवून ऑक्सिजन लावला होता. भावानं फोन त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, खुर्चीतच. विमानं पुन्हा बंद झाली होती. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. भाऊ फोन धरून चितेपासून लांब उभा होता आणि वाऱ्यामुळे त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

त्या शरद ऋतूत मी एकटीच लिम्बुर्गला गेले. एका टेकडीच्या पोटात, पर्यटकांना दाखवायला, खाणीसारखे बोगदे बांधलेत. वाट दाखवणारे गृहस्थ स्वतः जुने खाणकामगार होते. कोणाच्या घरात खाणीत काम केलेलं कोणी आहे का, त्यांनी विचारलं. माझा एकटीचा हात वर गेला.

"वडील? आहेत अजून?"

"नाही. कोरोना."

त्यांनी मान हलवली आणि कोळसा फोडायचं यंत्र सुरू केलं. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. यंत्र बंद होईपर्यंत मी कान न झाकता तशीच उभी राहिले आणि बाबा रात्री खुर्चीत घेत असतील तसा, मास्कखाली तोंड उघडून श्वास घेत राहिले.