घासण्यापुरती आत

मी आत बसलेले असतानाच माझ्या पायांचा फोटो माझ्याच मोबाइलवर आला.

एप्रनच्या खिशात टिंग वाजलं. मी काढून बघितलं, बसल्या बसल्या दुसरं करणार काय. ऑफिसचा ग्रुप. फोटोत बाथरूमच्या दाराखालची फट, फटीत दोन निळ्या रबरी चपला, चपलांत दोन पाय. डाव्या अंगठ्याचं नख काळं. नखावरून ओळखले. स्वतःचे पाय असे समोरून कधी बघायला मिळत नाहीत. पहिला विचार काय आला असेल? अगं बाई, किती सुजलेत.

फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मला इंग्रजी वाचता येतं, बोट ठेवून, सावकाश. ‘हे चालतं का इथे? मग आपण पैसे कशाचे भरतो?’ असा त्याचा अर्थ.

दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. माझ्या मोबाइलची टिंग तिनं ऐकली असणार. मी फ्लश ओढला नाही. आवाज झाला तर जास्त पकडले जाईन असं वाटलं. पन्नाशीची बाई, लग्नाच्या वयाची मुलगी घरात, आणि मी श्वास धरून बसलेली. पाय तेवढे हळूच मागे ओढून घेतले. म्हणजे फोटो सगळीकडे पोचल्यावर. माझी अक्कल नेहमी अशीच, बस सुटल्यावर स्टॉपवर येते.

हे कोथरूडमधलं ऑफिस. एका मजल्यावर बऱ्याच छोट्या कंपन्या. कुणी केबिन भाड्यानं घेतं, कुणी नुसती खुर्ची. त्यांना मेंबर म्हणायचं. आम्हाला मावशी. मी आणि शोभा, दोघी एजन्सीकडून साफसफाईला. ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून एजन्सी निळ्या चपला देते. त्या आमच्याशिवाय त्या मजल्यावर कुणाच्या पायात नसतात. ग्रुपमध्येही आम्हाला घेतलं होतं. मानानं नव्हे. पॅन्ट्रीत दूध संपलं, कुणाची कॉफी सांडली, की पटकन हाक मारता यावी म्हणून.

मेंबरांचं बाथरूम आम्ही घासायचं, पण आम्ही तिथं जायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आमचे सुपरवायझर कदम म्हणाले होते, "तुमचं खाली, पार्किंगमध्ये." बस. पार्किंगमधलं ते ड्रायव्हर आणि वॉचमन लोकांचं. आतून कडी नाही. बादली पाण्यानं भरून दाराला टेकवायची, आणि बसल्या बसल्या एक हात दारावर. घाई असताना हे सगळं करायचं म्हणजे कसरतच, आणि सर्कशीत निदान लोक टाळ्या तरी वाजवतात.

शोभा माझ्याच गल्लीत राहते, बिबवेवाडीला. माहेर लोणी काळभोर. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तिनं यावर उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. मला ते जमेना, कारण मला बीपीसाठी पाण्याची गोळी आहे. ती घेतली की सारखं जावं लागतं. वर डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या. त्यांना काय, त्यांचं बाथरूम केबिनच्या आतच असतं.

त्या दिवशी सर्व्हिस लिफ्ट बंद होती. गुडघे माझे तसेही कधी चालू नसतात. खाली उतरेपर्यंत थांबवणार नाही हे मला कळलं. मी मेंबरांच्या बाथरूममध्ये गेले. एवढाच माझा गुन्हा.

फोटो अनघा मॅडमनी काढला होता. खिडकीकडच्या केबिनमध्ये बसतात. मजल्यावरच्या सगळ्यात चांगल्या बाई. दिवाळीला मला साडी देतात, हसून बोलतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हसूनच विचारलं होतं, "मावशी, आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." तो ‘अच्छा’ मी शाळेपासून ऐकत आलेय. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली बाकीच्यांबरोबर धर्म बदलला. आडनाव तेच राहिलं. पुण्यात तेवढं पुरतं.

केतकी मॅडमनी बोलावलं. मजल्याचं सगळं त्या बघतात. माझ्या मुलीच्या वयाच्या.

"अहो मावशी, बसा ना," त्या म्हणाल्या. खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यात त्या होत्या.

मी उभी राहिले.

"आपण वाईट वाटून घेऊ नका हं. पर्सनल काही नाहीये. हायजीनचा प्रश्न आहे."

"मॅडम, ते बाथरूम स्वच्छ मीच करते."

"तेच म्हणतेय मी. मग आपल्यालाच कळायला नको?"

मला शिव्या परवडतात. शिवीला उलट शिवी देता येते. ‘अहो’ला आणि ‘आपण’ला काय द्यायचं? आवाज चढला तर माझाच चढणार, आणि मग मावशी उद्धट.

"आता एक करा. ते एकदा अ‍ॅसिडनं घासून घ्या. अनघा मॅडम तिथं थांबल्यात, त्यांच्यासमोरच करा. आणि ग्रुपवर छोटासा व्हॉइस मेसेज टाका. सॉरी म्हणून. विषय संपला."

मी घासलं. अनघा मॅडम दारात, नाकाला ओढणी लावून. "तिथं पण. हां, मागे. मागे राहिलंय." रोज त्या सगळ्यांचं मी साध्या लिक्विडनं घासते. माझ्या एकटीच्यासाठी अ‍ॅसिड. वासानं डोळ्यांतून पाणी आलं. अनघा मॅडमना वाटलं मी रडतेय. म्हणाल्या, "अहो, रडू नका. होतं असं." मला सांगायचं होतं, बाई, हे अ‍ॅसिडचं पाणी आहे. पण मलाही नक्की माहीत नव्हतं कशाचं होतं ते.

मग व्हॉइस मेसेज. आता घरच्या ग्रुपवर माझे मेसेज इतके लांब असतात की भाचे ते दुप्पट वेगानं ऐकतात. गोष्ट सांगायला बसले की मी पोळ्या करायची विसरते. इथं मात्र जीभच हलेना. शेवटी म्हटलं, "मी हाऊसकीपिंगची मावशी बोलते. माझी चूक झाली. परत होणार नाही." पाठवलं. खाली अंगठे आले. एक लाल बदाम आला. कुणीतरी लिहिलं, ‘सो स्वीट, मावशी.’

घरी जाऊन मी हे सगळं करून दाखवलं. होय, करून. ओढणीचं नाक, केतकी मॅडमचं ‘अहो’, माझे मागे सरकणारे पाय. आमच्याकडे जेवताना माझे प्रयोग चालतात. नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. दीर हसला. मीही रंगात आले, श्वास धरून बसलेली बाई दोनदा केली.

मुलगी हसली नाही. कॉलेजला आहे ती, बोलते कमी. ताट सरकवून म्हणाली, "आई, तू आम्हाला का हसवतेयस?"

"अगं, गंमत."

"त्यांनी तुझ्याकडून तुझाच संडास अ‍ॅसिडनं घासून घेतला. आणि तू ते आम्हाला गमतीनं वाढतेयस. का? आम्ही त्यांच्यावर चिडू नये म्हणून? का तू चिडू नयेस म्हणून?"

नवऱ्याचा ठसका थांबला. मी भात वाढायला घेतला, कुणी मागितला नव्हता तरी.

आयुष्यभर मी हेच केलं होतं. शाळेत बाईंनी मला वर्गाचं पाणी भरू दिलं नाही, तेही मी पोरांना विनोदी गोष्ट म्हणून सांगितलं होतं. बाईंची नक्कल माझी झकास होते. मी लोकांना हसवत आले आणि अपमान करणारे सुटत गेले. त्या रात्री मला पहिल्यांदा माझ्या नकलांची लाज वाटली.

पुढच्या सोमवारी मेंबरांच्या बाथरूमला कार्डाचं कुलूप बसलं. मेंबरांकडे आपापली कार्डं. आमच्यासाठी एक, ते केतकी मॅडमच्या टेबलावर. घासायची वेळ झाली की मागून घ्यायचं, घासायचं, परत द्यायचं. द्यायला उशीर झाला की त्या घड्याळाकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत.

शोभा म्हणाली, "काकू, आपल्याला घासण्यापुरतंच आत घेत्यात."

मी नेहमीसारखं काहीतरी विनोदी बोलणार होते. नाही बोलले.

मग तो दिवस. शोभाला पाळी आली होती. सकाळपासून चेहरा पांढरा. दुपारी ती खाली गेली. मी कार्ड घेऊन वर घासायला निघाले होते, तेवढ्यात ती लिफ्ट टाळून जिन्यावरून आली. जिना चढत नव्हती, भिंत धरून ओढत होती स्वतःला. एप्रन पुढून मागे फिरवून बांधलेला. सलवार ओली.

"काय झालं गं?"

"बादली सरकली, काकू."

"मग?"

"दार उघडलं. दोघं होते. त्यांनी लावलं न्हाई. बघत उभे राहिले." ती हसली. खरंच हसली, दात दाखवून, माझ्यासारखी. "एक म्हणला, चालू द्या, चालू द्या."

माझंच हसू होतं ते. ती पोरगी माझ्याकडून शिकली होती.

कार्ड माझ्या हातात होतं. मी दाराला लावलं. हिरवा दिवा लागला.

"जा आत."

"काकू, नगं. नोकरी जाईल."

"जा. धू, बदल, बस. पाहिजे तेवढा वेळ. मी दारात आहे."

ती गेली. मी दारात उभी राहिले. थोड्या वेळानं अनघा मॅडम आल्या.

"मावशी, क्लीनिंग चालू आहे का? किती वेळ?"

"क्लीनिंग नाही. शोभा आत गेलीये. बाथरूमला."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मावशी, हे आपलं ठरलं होतं ना?"

"आपलं नाही. तुमचं ठरलं होतं."

"मी तुम्हाला किती मानानं वागवते. दिवाळीला साडी नाही का देत?"

"देता. उद्या धुऊन इस्त्री करून आणून देते."

त्या गेल्या, केतकी मॅडमना घेऊन आल्या. मागून चार-पाच मेंबर, हातात कॉफीचे मग. मी सांगितलं शोभाचं काय झालं ते. सगळ्यांसमोर, साध्या शब्दांत, नक्कल न करता. कॉफीचे मग थांबले. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

केतकी मॅडम म्हणाल्या, "अरेरे. पण मग बादली नीट भरून लावायची ना. आणि जाताना वॉचमनला सांगून जायचं."

एकानं मोबाइल बघितला.

"कार्ड द्या, मावशी."

"देते. शोभा बाहेर आली की. पण घासायला परत मागणार नाही."

"म्हणजे?"

"आमचं अंग जिथं चालत नाही, तिथं आमचा हात चालणार नाही. तुमचं तुम्ही घासा. कार्ड आहेच तुमच्याकडे."

शोभा बाहेर आली. कोरडी, केस सारखे केलेले. मी कार्ड केतकी मॅडमच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं.

संध्याकाळी कदमांचा फोन आला. उद्यापासून तिकडे जायचं नाही, दुसरी साइट बघतो. शोभाला ठेवलं. चार दिवसांनी ती माझ्या घरी आली, उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, मला तुमच्यासारखं न्हाई जमणार. नवरा घरी बसून हाय."

"जेवलीस का?"

"त्यांनी पार्किंगमध्ये कडी बसवली."

"बरं झालं."

"बाहेरनं बसवलीय, काकू. वॉचमनला उघडाय-लावायला."

मला कुणी सांगू नका की हळूहळू बदलतं. बदललं ते एवढंच. शोभा आता एकटीच सगळा मजला घासते आणि दिवसभर पाणी पीत नाही. मी तिला दोष देत नाही. दोष कुणाचा ते मला माहीत आहे, नावानिशी, केबिननिशी.

नवी साइट बाणेरला मिळाली. काचेची उंच बिल्डिंग. कदम दारात मॉप घेऊन उभे होते.

"हां मावशी, आधी लॉबी घ्या."

मी हात पुढे केला नाही.

"आधी बायकांचं बाथरूम कुठंय सांगा."

"ते दुपारी घासायचंय."

"घासायला नाही विचारत. मला जायला."

कदमांनी इकडे तिकडे बघितलं. "मावशी, परत तेच? इथून काढलं तर माझ्याकडे साइट नाही."

"नसू दे."

"असं कोण विचारतं का पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी नाही विचारलं, म्हणून पुढचे सगळे दिवस गेले."

त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. "मॅडम, ते हाऊसकीपिंगची एक बाई आहे, ती म्हणतेय की... म्हणजे तिचं असं म्हणणं आहे..." आणि थांबले.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मॅडम, नमस्कार. मी इथं काम करायला आलेय. दिवसभरात मला मुतायला लागतं. तुम्हाला लागतं तसंच. मी कुठं जायचं, ते काम सुरू करायच्या आधी सांगा. कडी आतून असलेलं दार पाहिजे, आणि तुम्ही जाता तेच."

पलीकडून आवाज आला, "आपण... बघते मी."

"बघा. तोवर मी दारात उभी आहे. तुमचं उत्तर ‘नाही’ असेल, तर माझंही ‘नाही’ आहे. इथं, आणि यापुढे कुठंही."

मी फोन कदमांना परत दिला. लॉबीत ऑफिसची माणसं यायला लागली होती. त्यांच्या बुटांचे ठसे फरशीवर उमटत होते. मॉप भिंतीला टेकवलेला होता. मी त्याला हात लावला नाही.