आठ ताटांचा ताळा

माझी शाळा दुसरीपर्यंत, तीपण पुरती नाही. पाढे यायचे, पण गाण्यासारखे, सुरुवातीपासून म्हटले तर. मधलंच कुणी विचारलं की मी अडकायची. तीन चोक किती, तर आधी तीन एके तीन म्हणायला लागायचं. एवढ्या शिक्षणावर मी लालबागच्या चाळीत खानावळ चालवली.

आमच्याकडे आठ ताटं होती, पितळेची. गिरणी चालू होती तेव्हा तीन पाळ्यांचे लोक त्याच आठ ताटांत जेवायचे. एक पाळी जेवून उठली की ताटं घासून दुसरीला. कुणी विचारलं, खानावळ केवढी? तर सांगायचं, आठ ताटांची. माणसं आम्ही मोजायचो नाही. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलेलं, जेवत्या माणसाला मोजू नये, नजर लागते. ताटं मोजावी. ते मी धरून राहिले.

शिधापण तसाच. तुपाचा जुना डबा होता, तो भरून तांदूळ म्हणजे आठ ताटांचा एक दिवस. दुपारी भात, राहिलेल्याची संध्याकाळी पेज. एका पंगतीला एक डबा. माझं गणित तिथं सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं.

मग संप झाला. आमचे हे गिरणीत साचेखात्यात, मागावर होते, तेही घरी बसले. पहिले दोन-तीन महिने लोक म्हणायचे, आज मिटेल, उद्या मिटेल. मग एकेक जण गावाला जायला लागला. माझ्याकडे दोन पंगती उरल्या. पहिली पंगत मी करायची. ती उठली की मी शिवडीला बंदरावर जायची. दुपारी उरलीसुरली मांदेली तिथं स्वस्तात मिळायची. दुसऱ्या पंगतीचं माझी जाऊ बघायची. धाकटी जाऊ, शेजारच्याच खोलीत राहायची. दोन पोरी पदरात, नवरा संपातच. ती दुसरा डबा काढायची, शिजवायची, वाढायची. तिच्या पोरी माझ्याकडेच जेवायच्या, भांड्याला लागलेलं खरवडून. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

एके दिवशी संपाच्या कमिटीचा माणूस वही घेऊन आला. चाळीचाळीतून धान्य वाटत होते.

“मावशी, खानावळ केवढी तुमची?”

“आठ ताटं.”

त्यानं आठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तांदळाचं पोतं आलं. म्हणाला, “जपून वापरा. बारा दिवस पुरवायचंय. त्याच्या आत गाडी येणार नाही.” मी डब्यानं मापून बघितलं, बरोबर बारा डबे. मला बरं वाटलं. माणूस चोख आहे म्हटलं.

सहाव्या दिवशी पोत्याचा तळ दिसला.

मी पोतं उलटं करून झटकलं. चार दाणे पडले. बारा दिवसांचं पोतं सहा दिवसांत? आता पंगतीला पुढचे सहा दिवस घालायचं काय?

पंगतीला बसलेला एक म्हणाला, “मावशी, तुझ्याकडचे उंदीर लई माजलेत वाटतं.”

दुसरा म्हणाला, “चार पायांचे की दोन पायांचे ते बघ आधी.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी आठवत बसले. मी रोज एकच डबा काढला होता. सहा दिवस, सहा डबे. मग बाकीचे गेले कुठं? मी बंदरावर असताना पोत्याला हात कोणाचा लागतो? दुसरी पंगत जेवते हे मला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. पण डोक्यात एकच बसलेलं, आठ ताटं बारा दिवस. भूक लागली की माणसाचं डोकं एकाच बाजूला धावतं.

जाऊ गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चार बायका नळावर होत्या. मी त्यांच्यासमोर बोलले, “तुझ्या पोरी बऱ्या बाळसं धरतायत गो. आमच्या पोत्याचं दिसतंय.”

तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. रागावली की ती मालवणीत जायची.

“तुका काय वाटला? मी तांदूळ चोरलंय?”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“म्हटलंस. नळार सगळ्यांनी आयकला.”

ती आत गेली, माझ्या खोलीतली तिची पळी आणि तवा उचलून घेऊन गेली. जाताना पोरींना म्हणाली, “हडे जेवूक येवचा नाय.”

माझी मुलगी तेव्हा चौथीत, म्युनिसिपालिटीच्या शाळेत. कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती, तिनं सगळं ऐकलेलं.

“आई, काकीनं नाही घेतलं.”

“तू गप. तुला काय कळतं?”

“भागाकार कळतो. बाई शिकवतायत.”

मी लक्ष दिलं नाही. तिनं चिंचोक्यांची पिशवी काढली. एक ताट ओढलं आणि बारा चिंचोके त्यात मोजून टाकले.

“हे बारा डबे. रोज एक काढला तर किती दिवस?”

“बारा. तेच तर त्या माणसानं सांगितलं.”

“पण आपण रोज किती काढतो?”

“एक.”

“तू एक. आणि काकी दुसऱ्या पंगतीला?”

तिनं दोन-दोन चिंचोक्यांच्या ओळी लावल्या, एकाखाली एक. “हा पहिला दिवस. हा दुसरा.” सहा ओळी झाल्या आणि चिंचोके संपले. “बाराला एकानं भागलं तर बाराच राहतात. दोनानं भागलं तर सहा. त्यांनी तुला एका पंगतीनं भागून दिलं, आपल्या पंगती दोन. माणसं दुप्पट, तर दिवस निम्मे.”

“आणि चुकलं असेल तर?”

“मग ताळा करायचा. भागाकार उलटा गुणायचा. सहा दुणे बारा. एक दाणा इकडचा तिकडं नाही.”

मग तिनं ते ताट नुसतं पाव फेरा फिरवलं. चिंचोक्यांना हात लावला नाही. सहा ओळी दोनाच्या होत्या, त्या माझ्या बाजूनं दोन ओळी सहाच्या दिसायला लागल्या.

“बे सक बारा,” ती म्हणाली. “ही ओळ तुझी, ही काकीची.”

बे सक बारा मला येत होतं. सहा दुणे बारापण येत होतं. पण दोन्ही बारा एकच, ते मला त्या दिवशी दिसलं. जावेची ओळ माझ्या ओळीएवढीच होती. एक चिंचोकासुद्धा जास्त नाही.

मी ताट उचललं. हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं आणि शेजारी गेले. जाऊ चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी ताट तिच्यापुढं ठेवलं.

“हे काय हाडलंस?”

“पोतं आहे. ही माझी ओळ, ही तुझी. मी आठ सांगितलं त्याला. सोळा सांगायला पाहिजे होतं. तू काही घेतलं नाहीस. मी चुकले.”

तिनं बोट लावून दोन्ही ओळी मोजल्या.

“जेवती माणसा मोजूची नाय म्हणून तू मोजलंस नाय,” ती म्हणाली. “आणि माका चोरांत मोजलंस.”



नळावर जाऊन मी त्याच बायकांना सांगितलं, तांदूळ कुणी चोरला नाही, मोजण्यात चूक माझी. तेही सांगायला लागतं. मग आम्ही दोघी कमिटीच्या माणसाकडे गेलो. तो वैतागला, “आधी आठ, आता सोळा? उद्या बत्तीस म्हणाल.” माझ्या आधी जाऊच बोलली, “येवन मोज. पंगतीत बस आणि एकेकाचा तोंड बघून मोज.” तो खरंच आला आणि पंगतीत उभा राहून मोजून गेला. कुणाला नजर लागली नाही. तिसऱ्या दिवशी अर्धं पोतं आलं. तोवरचे दिवस आम्ही उसन्या तांदळाच्या पेजेवर काढले. त्यात दोन मुठी तांदूळ जावेनं स्वतःच्या गाडग्यातले टाकले, मला न सांगता. मला मुलीनं सांगितलं.

जाऊ दुसऱ्या पंगतीला परत उभी राहिली. डबा काढला की एक चिंचोका खिडकीतल्या वाटीत टाकायची. मी टाकू नको म्हटलं तरी टाकायची. पण तिच्या पोरी माझ्याकडे जेवायला आल्या नाहीत. मी हाक मारली की जाऊ म्हणायची, “जेवलीत ती.” जेवल्या नव्हत्या हे तिलाही माहीत, मलाही.

संप काही मिटला नाही. माणसं गेली, दोनाची एक पंगत झाली, तीसुद्धा पुरी भरायची नाही. गौरीच्या दिवशी वाढत होते तर दारात जावेची थोरली उभी. हातात घरचं ताट, जर्मनच्या हलक्या पत्र्याचं, कडेला पोचा आलेलं.

“आयेन सांगल्यान, बस जा.”

मी तिला ओळीत बसवलं. पाच माणसं होती, ती सहावी. मी मोजलं. सहा.