गाळलेला धडा

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बाई इंग्रजीचा क्लास घ्यायच्या. परदेशी इस्पितळात नोकरी हवी असलेल्या नर्सेस सकाळची पाळी संपवून, पाय ओढत, चार वाजता यायच्या. परीक्षेत दोन वाक्यं जोडून एक करायचा प्रश्न ठरलेला, आणि भल्याभल्यांची दांडी तिथंच उडायची. बाईंचा त्यात असा हातखंडा होता, की पोरी पाठीमागं त्यांना ‘हूमबाई’ म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“वॉर्डात वीस पेशंट आहेत. त्यांतले बरेच म्हातारे आहेत. जोडा बघू,” त्या म्हणायच्या. “मेनी ऑफ देम लिहाल तर दोन वाक्यं स्वल्पविरामाला लोंबकळतील. माणसं असली की हूम, वस्तू असल्या की विच. त्याआधी ऑल, सम, नन, हवं ते लावा. मेनी ऑफ हूम आर ओल्ड. झालं.”

यंदाच्या बाराजणींत त्यांची मुलगीही होती. क्लासमागच्या खोलीत नवरा तीन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. त्याचं सगळं मुलगीच बघायची. ती गेली की आपण दोघंच उरणार, हे बाईंना दिसत होतं. ‘जा’ म्हणायला जीभ रेटेना आणि ‘नको’ म्हणायला तोंड नव्हतं. लोकांच्या लेकी त्यांनीच तर विमानात बसवल्या होत्या.

मग त्यांनी तो हूमचा धडाच गाळला. “यंदा हे येत नाही,” इतकंच म्हणाल्या. एकीला अडवायचं तर बाराजणींना अडवावं लागतं, हे त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पुढच्या खेपेला होतील पास, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

निकाल लागला. दोघी निसटल्या, दहाजणी नापास, त्यांत मुलगीही. सुक्याबरोबर ओलंही जळालं. बाईंना मात्र त्या दिवशी लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

आठवड्यानं बॅचमधली सगळ्यांत थोरली, जिला सगळ्या ताई म्हणत, पुस्तकं परत करायला आली. मुलगी तेव्हा वडिलांना कुशीवर धरून चादर बदलत होती.

“ठेव की. पुढच्या वेळी बस परीक्षेला,” बाई म्हणाल्या.

“पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण होतात मला. मग ते लोक घेत नाहीत.” ताई कसनुसं हसली. “तुमचा दोष नाही हो, बाई. जुन्या बॅचच्या वहीत आख्खा धडा आहे. तुम्ही शिकवला असणार, माझंच लक्ष नसेल.”

बाईंनी पुस्तकं घेऊन कपाटात ठेवली. ताई नमस्कार करून जिना उतरू लागली.

“तिचं लक्ष होतं,” मुलगी म्हणाली. “मी शेजारीच बसायचे तिच्या. आई, जा, सांग तिला.”

बाई उभ्याच राहिल्या.

“मग बाबांना धर.”

बाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याला धरलं. मुलगी धावत जिन्याकडे गेली. दार सताड उघडं राहिलं. “ताई, थांब जरा. तुझं काही चुकलं नाही,” असं म्हणून मुलीनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दार लावायला जावं तर हात सोडावे लागणार, आणि हात सोडले तर नवरा खाली पडणार. बाईंनी ते सगळं ऐकलं.